घड्याळ आपल्याकडे चालतं, इंग्रजीत पळतं

इंग्रजीतला सगळ्यात जास्त अर्थ असलेला शब्द कोणता असं विचारलं तर लोक काहीतरी भारदस्त, लांबलचक शब्द सांगायला जातात. उत्तर आहे 'रन'. पहिलीतल्या मुलाला येतो तो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीसाठी या शब्दाची नोंद परत लिहायला घेतली तेव्हा पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराचे त्यात सुमारे नऊ महिने गेले, आणि २०११ मध्ये काम संपलं तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. एक रन, दोन रन अशा नामाचे अर्थ त्यात धरलेलेच नाहीत.

त्याआधी हा मान 'सेट'कडे होता. १९८९ ची दुसरी आवृत्ती, वीस खंडांची, तिच्यात सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती, साधारण ६० हजार शब्दांची, म्हणजे एका शब्दाबद्दल एक छोटी कादंबरी होईल एवढा मजकूर. मग नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं तसं २००० मध्ये 'मेक' पुढे गेला, २००७ मध्ये 'पुट', आणि मग 'रन'. आणखी मागे गेलं तर १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनने जवळजवळ एकहाती जो शब्दकोश काढला त्यात 'टेक' या क्रियापदाचे १३४ अर्थ दिलेले आहेत. ही नावं एका रांगेत ठेवून बघा, टेक, सेट, मेक, पुट, रन, सगळे एकाच उच्चारात संपणारे (एका सिलॅबलचे), सगळे रोजच्या बोलण्यातले, एकही शब्द असा नाही की ज्याच्यासाठी कुणी शब्दकोश उघडेल. यामागे नियमच आहे. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ मध्ये तो मांडला, की जो शब्द जास्त वेळा वापरला जातो त्याला अर्थही जास्त असतात. वापराने अर्थ वाढतात. एकाच शब्दाला अनेक अर्थ असण्याच्या या प्रकाराला पॉलिसेमी म्हणतात, ते नाव मिशेल ब्रेआल या फ्रेंच अभ्यासकाने १८९७ मध्ये रूढ केलं. मराठीत आपण अनेकार्थता म्हणतो.

मी इंग्रजी शिकवते, आणि मुलं असोत की नोकरी करणारी मोठी माणसं, 'रन'चे अर्थ पाठ करायला सगळे तयार असतात. यादी द्या म्हणतात. मला ती यादी द्यावीशी वाटत नाही आणि का ते नीट सांगायचं म्हणून ही पोस्ट.

आधी त्या ६४५ चं बघू. प्रिन्स्टन विद्यापीठात १९८० च्या दशकात वर्डनेट नावाचा संगणकासाठीचा शब्दसंग्रह सुरू झाला, कॉम्प्युटरला भाषा शिकवणारे लोक तो अजून वापरतात, त्यात याच क्रियापदाचे अर्थ आहेत चाळीसच्या आसपास. शब्द तोच, भाषा तीच, मग एकीकडे चाळीस आणि दुसरीकडे सहाशे पंचेचाळीस कसे? एक तर ऑक्सफर्डचा कोश इतिहास सांगणारा आहे, जे अर्थ तीनशे वर्षांपूर्वी मेले तेही त्यात ठेवलेले असतात. पण खरं कारण दुसरंच आहे. अर्थ म्हणजे काही शब्दाच्या आत मोजून भरलेल्या गोट्या नाहीत, कोशकार जिथे कापतो तिथे नवा अर्थ सुरू होतो. नदी वाहते, नळ वाहतो, नाक वाहतं, हे तीन अर्थ का एक? बारीक कापणारा तीन म्हणेल, जाड कापणारा एक, आणि दोघांचंही बरोबर असेल. त्यामुळे यादी पाठ करणाऱ्याने कुणाची पाठ करायची हाच पहिला प्रश्न येतो.

त्यापेक्षा शब्दाच्या मुळाशी जाऊ या. इथे मला खूप आवडणारी गोष्ट आहे. जुन्या इंग्रजीत याचं रूप 'रिनन' असं होतं आणि त्याचा अर्थ पळणंही होता आणि वाहणंही होता. जर्मनमध्ये आजही ही दोन भावंडं वेगवेगळी आहेत, 'रेनन' म्हणजे पळणं आणि 'रिनन' म्हणजे वाहणं, आणि तिथलंच 'गेरिनन' म्हणजे दूध फाटणं किंवा रक्त साकळणं. इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात मिसळून गेलं. म्हणजे 'द रिव्हर रन्स' हे काही कवीने नदीला पाय फोडून पळायला लावलेलं नाही, ती पहिल्यापासून 'रन'च करत होती. आपण शाळेत शिकतो की रन म्हणजे पळणे आणि मग बाकीचे अर्थ आपल्याला विचित्र वाटतात, एवढे विचित्र की पाठच करावे लागतात. पण मूळ चित्र जर असं धरलं की काहीतरी सुटलंय आणि न अडता पुढे पुढे जातंय, तर बरेचसे अर्थ आपोआप कळायला लागतात.

करून बघा. नळाचं पाणी 'रन' होतं. नाक 'रन' होतं, डोळ्यातलं काजळही. धुताना कपड्याचा रंग 'रन' होतो म्हणजे रंग सुटून दुसऱ्या कपड्याला लागतो. रस्ता डोंगराच्या कडेने 'रन' होतो. नाटक दोन वर्षं 'रन' होतं. करार पाच वर्षं 'रन' होतो. बिल हजारांत 'रन' होतं. वर्तमानपत्र एखादी बातमी 'रन' करतं. अंगावरून काटा जातो तेही 'रन'. 'थ्री डेज रनिंग' म्हणजे तीन दिवस पळत नाही कुणी, सलग तीन दिवस. यात पाय कुठेही नाहीत, सगळीकडे एकच आहे की खंड पडत नाही.

आणि पायांचा अर्थसुद्धा गंमतीने कापलेला आहे. चालणं आणि पळणं यातला फरक वेगाचा असतो असं वाटतं, पण तो वेगाचा नाही. पळताना एक क्षण असा येतो की दोन्ही पाय हवेत असतात, चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. चालण्याच्या शर्यतीत याच नियमावर खेळाडू बाद होतात, पंचाला दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले दिसले की ताकीद, आणि अशा ताकिदी साठल्या की शर्यतीतून बाहेर. चालणारा तो खेळाडू आपल्यापैकी बहुतेकांच्या पळण्यापेक्षा जास्त वेगात असतो तरी तो चालतच असतो.

आता मराठीकडे या. 'द क्लॉक इज रनिंग', आपण म्हणतो घड्याळ चालतंय. मशीन चालतं. बस चालते. दुकान चालतं, चांगलं चालतं किंवा चालत नाही. शाळा चालवतात, संस्था चालवतात, घर चालवतात, सरकार चालवतात. नाटक चाललं, खटला चालला, सभा तीन तास चालली. 'इट रन्स इन द फॅमिली' याला आपण काय म्हणू, तर घराण्यात चालत आलंय. बघा ना, इंग्रजीत जे जे पळतं ते ते आपल्याकडे चालतं! दोन्ही भाषांनी काम तेच केलंय, पायाच्या हालचालीचा शब्द घेतला आणि तो यंत्रांना, संस्थांना, काळाला लावला, फक्त त्यांनी पळण्याचा घेतला आणि आपण चालण्याचा. म्हणून मी वर्गात पहिल्यांदा सांगते की 'रन' दिसला की आधी 'धावणे' लावून बघू नका, आधी 'चालणे' लावा, मग 'वाहणे', आणि कुणाचे खरोखरचे पाय असतील तरच 'धावणे'. एवढ्याने बराच भाग सुटतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

हे फक्त इंग्रजीनेच केलं असं नाही, लॅटिनने तर याहून मोठा पसारा केला. लॅटिनमध्ये पळणे याला 'कुरेरे' म्हणतात. त्यातून 'करंट' आला, पाण्याचा आणि विजेचाही. 'करन्सी' आली. स्क्रीनवर लुकलुकतो तो 'कर्सर' म्हणजे शब्दशः पळणारा. 'कुरियर' पळणाराच. 'कॉरिडॉर' म्हणजे पळायची जागा, 'करिक्युलम' म्हणजे पळण्याचा मार्ग, शर्यतीची फेरी, 'कोर्स' तेच, 'कर्सिव्ह' म्हणजे हात न उचलता पळतं अक्षर. आणि मराठीने यातल्या काही शब्दांना प्रतिशब्द काय दिले? करंट अकाउंट म्हणजे चालू खातं. करंट इयर म्हणजे चालू वर्ष. करन्सी म्हणजे चलन. पुन्हा तेच, तिकडे पळ आणि इकडे चल. कुणी बसून ठरवलं नसणार हे, पण इतकं नेमकं जुळलंय की मला प्रत्येक वेळी सांगताना आनंद होतो.

यंत्रं आली तेव्हा 'रन'चं नशीब खरं उघडलं. कारखाने, रेल्वे, इंजिनं, मग मोटारी, मग संगणक. गाडी रुळावरून 'रन' व्हायला लागली, गिरणी 'रन' व्हायला लागली, इंजिन कशावर 'रन' होतं ते विचारायला लागले, आणि शेवटी प्रोग्रॅम 'रन' करणं आलं जे आता आपण मराठीतही सरळ तसंच म्हणतो, प्रोग्रॅम रन कर, कुणी 'चालव' म्हणत नाही. नवीन इंजिन सुरुवातीला हळू चालवून सरावाला आणतात त्यालाही 'रनिंग इन'. मला वाटतं दुसरा कुठलाच साधा शब्द यंत्रयुगाला एवढा फिट बसला नाही, कारण यंत्राकडून आपली अपेक्षाच ती असते की सुरू केलं की न अडता जात राहावं.

काही अर्थ मात्र या चित्रातून लगेच दिसत नाहीत, तिथे थोडं थांबावं लागतं. निवडणुकीचं घ्या. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो आणि ब्रिटनमध्ये तोच उमेदवार 'स्टँड' करतो, म्हणजे एकीकडे पळतो आणि दुसरीकडे उभा राहतो. आपणही 'निवडणुकीला उभा राहिलाय' असंच म्हणतो. पळण्यामागे शर्यतीचं चित्र आहे, इंग्रजीत निवडणुकीला 'रेस' म्हणतातच, आणि जो हरून मागे राहतो त्याला 'ऑल्सो रॅन', हाही पळाला होता एवढंच, हा शब्द घोड्यांच्या शर्यतीच्या निकालातून आलाय. लांब मोज्याचा एक धागा तुटला की वरपासून खालपर्यंत रेघ उसवत जाते, तिला अमेरिकेत 'रन' आणि ब्रिटनमध्ये 'लॅडर' म्हणतात. एकाला उसवत जाणं दिसलं, दुसऱ्याला उसवल्यावर उरलेल्या आडव्या धाग्यांची शिडी दिसली. बँकेवर 'रन' येतो तेव्हा ठेवीदार पैसे काढायला एकदम धावतात, आणि इथे पळणारी माणसं आहेत की वाहून जाणारे पैसे आहेत हे मला तरी वेगळं करता येत नाही, दोन्ही चित्रं एकमेकांवर बसलेली आहेत. अंगात ताप असला तर 'रनिंग अ टेम्परेचर', धोका पत्करला तर 'रन अ रिस्क', सिग्नल तोडला तर 'रन अ रेड लाइट'. आणि पोट बिघडलं तर 'द रन्स', त्याला आपणही ढाळ म्हणतो, तिथे मूळ वाहण्याचा अर्थ अगदी उघड आहे.

अजून एक जागा जिथे आपली माणसं अडतात. 'रन ड्राय', 'रन लो', 'रन शॉर्ट', 'रन लेट', 'रन वाइल्ड'. इथे 'रन'चं भाषांतरच करायचं नसतं. विहीर 'रॅन ड्राय' म्हणजे आटली. ट्रेन 'रनिंग लेट' म्हणजे उशिराने धावतेय, हो, ट्रेन मात्र मराठीतही धावते, बातम्यांमध्ये तरी. पैसे 'रनिंग लो' म्हणजे संपत आलेत. सगळा अर्थ पुढच्या शब्दात, 'रन'चं काम फक्त 'तसं होत गेलं' एवढं सांगायचं. 'रन अमॉक' मधला अमॉक तर इंग्रजीही नाही, मलय भाषेतून आलाय, बेभान होऊन दिसेल त्याच्यावर तुटून पडणाऱ्या माणसासाठी.

क्रिकेटशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही. बॅट्समन पळून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला की एक रन, इथपर्यंत सरळ. पण चौकार मारला तर पळायची गरजच नाही तरी चार रन, वाइड पडला तर कुणी जागचा हललाही नाही तरी एक रन. म्हणजे क्रिया गेली आणि फक्त हिशेबाचं एकक उरलं. पूर्वी या गुणांना 'नॉच' म्हणायचे कारण काठीवर खाच पाडून मोजायचे. मराठीने 'धाव' हा शब्द घेतला आणि त्याच्याभोवती केवढं सुंदर घर बांधलं, धावसंख्या, धावफलक, धावगती, आणि 'रन आउट'साठी धावचीत. धावचीत हा शब्द ज्याने कुणी केला त्याला मी मनापासून नमस्कार करते, कारण त्यात पळताना चीत झाला हे एका दमात येतं आणि कानाला जराही बनवलेला वाटत नाही. रेडिओवरचं 'रनिंग कॉमेंट्री' तसंच 'धावतं समालोचन' झालं आणि विमानतळावरची 'धावपट्टी'.

आता ती 'रन आउट', 'रन इन्टू' वगैरे जोड क्रियापदं, ज्यांची सगळ्यांना भीती वाटते. इथे 'रन'पेक्षा पुढच्या छोट्या शब्दाकडे बघा, दिशा तोच सांगतो. 'आउट' म्हणजे बाहेर, आतलं सगळं वाहून बाहेर गेलं की संपलं, म्हणून दूध 'रन आउट' झालं, वेळ झाला, संयम झाला. 'इन्टू' म्हणजे जाऊन भिडणं, गाडी भिंतीला भिडली, ओळखीचा माणूस वाटेत भेटला, अडचण समोर आली, खर्च लाखांत गेला, चारही 'रन इन्टू'. 'अप' म्हणजे वर, उधारी वाढवत नेली, झेंडा वर चढवला. 'ऑफ' म्हणजे सुटून दूर, कुणी पळून गेलं, पावसाचं पाणी जमिनीत न मुरता वाहून गेलं, कॉपीच्या मशीनमधून प्रती भराभर काढल्या. सगळ्यात भरलेला मला 'रन थ्रू' वाटतो. आरपार जाणं हे चित्र. तलवार आरपार गेली, नाटकाची तालीम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा करून घेतली, वारशात आलेली इस्टेट उडवून टाकली, एखादा विचार सगळ्या भाषणातून जातो. चारही ठिकाणी या टोकाकडून त्या टोकाला. 'रन डाउन' मात्र जरा वळवळतो: माणसाला गाडीखाली घेतलं, बॅटरी उतरली, कुणाची निंदा केली, हरवलेली माहिती शोधून काढली. पहिल्या तिघांत खाली जाणं आहे. चौथ्यात पाठलाग करून सावज आडवं करणं आहे, शिकारीचा अर्थ.

आणि आता समानार्थी शब्द, ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. मुलं विचारतात 'रन'ला समानार्थी शब्द सांगा. असा शब्द नाहीच. समानार्थी शब्द शब्दाला नसतात, अर्थाला असतात. हे पीटर मार्क रॉजे या डॉक्टरला फार लवकर कळलं होतं. त्याने १८०५ च्या सुमाराला स्वतःच्या वापरासाठी शब्दांची यादी करायला घेतली आणि १८५२ मध्ये थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, छापला, वयाच्या सत्तरीनंतर, आणि तो अकारविल्हे नव्हताच, कल्पनांनुसार हजार गटांत लावलेला होता. म्हणजे एकच शब्द अनेक गटांत भेटणार, पळण्याच्या गटात, वाहण्याच्या गटात, व्यवस्थापनाच्या गटात, आणि प्रत्येक ठिकाणी शेजारी वेगळे. पुढे ग्लासगो विद्यापीठात १९६५ पासून काम करत करत २००९ मध्ये संपूर्ण ऑक्सफर्ड कोशाचाच असा अर्थानुसार थिसॉरस निघाला, त्यात जवळपास आठ लाख अर्थ आहेत. चव्वेचाळीस वर्षं एका कामाला. अशा लोकांबद्दल वाचलं की मला भरून येतं.

फोनवर मात्र आता शब्द दाबला की दहा समानार्थी शब्द एका रांगेत समोर येतात, आणि लिहिणारा त्यातला सगळ्यात भारी दिसणारा उचलतो. तिथे गाडी घसरते. 'शी रन्स अ कंपनी' यात 'स्प्रिंट' बसणार नाही हे उघड आहे, पण 'मॅनेज', 'ऑपरेट', 'हेड' आणि 'डायरेक्ट' हे तरी एकमेकांच्या जागी बसतात का? 'हेड' म्हटलं की ती सगळ्यात वरच्या खुर्चीवर आहे. 'मॅनेज' म्हटलं की तिच्यावर कदाचित मालक आहे, शिवाय त्या शब्दाला कसंबसं निभावण्याचाही वास आहे. 'ऑपरेट' कागदपत्रांतला, अहवालातला. 'ॲडमिनिस्टर' म्हटलं की नियम, निधी, फायली. आणि 'रन' म्हटलं की रोज सकाळी जाऊन ती गोष्ट तिने चालती ठेवलीय. बोलताना इंग्रज माणूस दहातल्या नऊ वेळा 'रन'च म्हणेल आणि ते कमी प्रतीचं इंग्रजी नसतं. साधा शब्द नेमका बसत असताना जड शब्द घालायला आपल्याला शाळेतच शिकवलं गेलं, निबंधात मार्क मिळतात म्हणून, आणि ते मला अजिबात पटत नाही.

पायांच्या अर्थाचे समानार्थी बघा, किती छान वेगळे आहेत. 'जॉग' म्हणजे दम राखून सावकाश. 'स्प्रिंट' म्हणजे थोडं अंतर पण जीव तोडून. 'डॅश' म्हणजे घाईने कुठेतरी जाणं. 'डार्ट' म्हणजे एकदम सुटून क्षणात दिसेनासं होणं, मासा करतो तसं. 'बोल्ट' म्हणजे बिथरून उधळणं, घोडा करतो ते. 'स्करी' म्हणजे उंदराच्या तुरुतुरु पावलांनी. 'स्कॅम्पर' म्हणजे खेळकर बागडत. 'फ्ली' म्हणजे जीव वाचवायला, आणि त्यात पळावंच लागतं असं नाही, विमानात बसूनही देशातून 'फ्ली' करता येतं. प्रत्येकात वेगाशिवाय आणखी काहीतरी आहे, पळणाऱ्याचं मन किंवा आकार किंवा कारण, आणि नुसत्या 'रन'मध्ये यातलं काहीच नाही. म्हणून तो कुठेही चालतो.

मराठीत हा फरक आपण कुठे ठेवलाय माहितीये? 'धावणे' आणि 'पळणे' यात. शब्दकोशात दोन्ही एकच. पण 'तो धावून आला' म्हणजे मदतीला आला, आणि 'तो पळून आला' म्हणजे कुठून तरी सुटून आला. हाक मारली तर माणूस धावतो, भीती वाटली तर पळतो. देवाचा धावा करतात, पळवा कुणी करत नाही. अंगावर धावून जातात, आणि समोरचा पळ काढतो. म्हणजे धावणं हे कशाकडे तरी आहे आणि पळणं हे कशापासून तरी. शर्यतीत मात्र दोन्ही चालतात आणि मग फरक पुसट होतो. इंग्रजीत हे काम 'टू' आणि 'फ्रॉम' करतात, क्रियापद तेच राहतं. मराठीतून इंग्रजीत जाताना त्यामुळे काही वाटत नाही, पण इंग्रजीतून मराठीत येताना 'ही रॅन' एवढं तुटक वाक्य आलं की भाषांतर करणारा अडतो, कारण का पळाला हे कळल्याशिवाय मराठीत क्रियापदच निवडता येत नाही.

हे सगळं ऐकून कुणीतरी म्हणतंच की इंग्रजी भाषाच वेडी आहे. तेव्हा मी 'लागणे' काढते. आपल्याकडचं सगळ्यात राबणारं क्रियापद माझ्या मते ना धावणे ना चालणे, ते 'लागणे' आहे. भूक लागली, ठेच लागली, आग लागली, नोकरी लागली, फोन लागला, निकाल लागला, शोध लागला, लग्न लागलं, दार लागलं, झाडाला आंबे लागले, डोळा लागला, दृष्ट लागली, वेळ लागला, नाद लागला, भाजी तिखट लागली, रडायला लागली, तो तुझा कोण लागतो. यातल्या बहुतेकांना इंग्रजीत वेगळं क्रियापद लागतं (हेही बघा), आणि 'कोण लागतो' याला तर थेट क्रियापदच मिळत नाही. बाहेरून मराठी शिकणाऱ्याला ही यादी दिली तर तो हात टेकेल. पण आपण कुणी ती पाठ केलेली नाही. संस्कृतात 'लग्' म्हणजे चिकटणं, भिडणं, आणि 'लग्न' म्हणजे चिकटलेलं. 'रन'मध्ये जसं वाहत जाणं आहे तसं इथे भिडणं आहे. पायाला दगड भिडला, घराला ज्वाळा भिडल्या, हा फोन त्या फोनला भिडला, जिभेला तिखट भिडलं, झाडाला फळ चिकटलं, दाराची फळी चौकटीला भिडली.

सगळ्यात लांबचा वाटतो तो 'जावं लागलं'. सक्तीचा अर्थ भिडण्यातून कसा आला? माझं उत्तर विभक्तीत आहे. मला भूक लागली, मला ठेच लागली, मला वेळ लागला, मला जावं लागलं. 'मी' नाही, 'मला'. भूक येऊन मला भिडते, दगड मला भिडतो, तसंच ते जाणंही बाहेरून येऊन मला चिकटतं, मी ते निवडलेलं नसतं. इंग्रजीत तापसुद्धा माणूस स्वतः 'रन' करतो, 'आय ॲम रनिंग अ टेम्परेचर', कर्ता तोच, आणि मराठीत त्याच तापाला माझ्याकडे यावं लागतं.